दुसऱ्याच्या जागेवर छत्तीस वर्षं: ब्रायन जॉन्सनचं प्रकरण

७ मार्च २०१६ रोजी एसी/डीसी या रॉक बँडने एक छोटं निवेदन काढलं. अमेरिकेतले उरलेले दहा कार्यक्रम पुढे ढकलले होते. मुख्य गायक ब्रायन जॉन्सन याला डॉक्टरांनी ताबडतोब दौरा थांबवायला सांगितलं होतं, कारण तसं केलं नाही तर तो कायमचा ठार बहिरा होण्याचा धोका होता. हे कार्यक्रम नंतर होतील, बहुधा पाहुण्या गायकाला घेऊन, असंही त्यात होतं. जॉन्सन तेव्हा ६८ वर्षांचा होता. जेमतेम आठवड्यापूर्वी, २८ फेब्रुवारीला, तो कॅन्सस सिटीत अख्खा कार्यक्रम गाऊन आला होता.

पाहुण्या गायकाला घेऊन, हे शब्द तेव्हा अनेक चाहत्यांना लागले, मलाही लागले. ज्या माणसाच्या आवाजात जगाने हा बँड ऐकला, त्याच्या आजाराची बातमी आणि त्याच्याशिवाय पुढे जायची तयारी एकाच परिच्छेदात आली होती. रॉक बँडचा मुख्य गायक लोकांना बँडचा मालक वाटतो. पोस्टरवर मधोमध तोच असतो, लोक नक्कल करतात तीही त्याचीच. जॉन्सनची कारकीर्द नीट पाहिली तर कळतं की ती जागा त्याच्या मालकीची कधीच नव्हती. तो ती दुसऱ्याच्या मागे सांभाळत होता. आणि अखेर ती गेली तेव्हा गळा शाबूत होता, गेले होते ते कान.

न्यूकॅसलचा कारागीर

जॉन्सनचा जन्म ५ ऑक्टोबर १९४७चा, इंग्लंडच्या ईशान्येकडे गेट्सहेडजवळच्या डन्स्टनचा. वडील ब्रिटिश लष्करात सार्जंट मेजर, आई इटालियन. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो न्यूकॅसलच्या 'जॉर्डी' या बँडचा गायक झाला. १९७३ साली त्यांचं एक गाणं ब्रिटनच्या पहिल्या दहात गेलं, टीव्हीवर दर्शन झालं, आणि मग हळूहळू सगळं ओसरलं. दशक संपत आलं तेव्हा जॉन्सन गाड्यांच्या टपांवर व्हिनाइलचं, म्हणजे प्लास्टिकसारखं, आवरण चढवायचा धंदा करत होता आणि जॉर्डीच्या नव्या संचात संध्याकाळी क्लबमध्ये गात होता. डोक्यावरची ती प्रसिद्ध चपटी टोपीसुद्धा याच काळातली. कामावरून थेट कार्यक्रमाला जायचं, घाम डोळ्यांत उतरायचा, म्हणून भावाने आपली टोपी दिली, असं तो सांगतो. पुढे तीच त्याची ओळख झाली.

त्याचं वय तेव्हा बत्तीस. एकदा यश मिळालं, गेलं, पोटापाण्याचा दुसरा उद्योग लागला. रॉकच्या दुनियेत अशा माणसाची गोष्ट साधारणपणे इथेच संपते.

बॉन स्कॉट गेला

१९ फेब्रुवारी १९८० रोजी एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट लंडनमध्ये मरण पावला. रात्रभर दारू झाल्यावर तो एका गाडीत झोपला होता, तिथेच तो सापडला. वय ३३. जन्माने स्कॉटिश, लहानपणी ऑस्ट्रेलियात आलेला. माल्कम आणि अँगस यंग या भावांनी १९७३ साली सिडनीत बँड काढला आणि पुढच्याच वर्षी बॉन आला. त्याच्या आधी एक गायक होऊन गेला होता, पण बँडला रंग आणला तो बॉनने. १९७९च्या अल्बमने त्यांच्यासाठी अमेरिकेचं दार उघडलं होतं. यशाच्या उंबऱ्यावर असताना गायक गेला.

यंग बंधूंपुढे दोनच वाटा होत्या: बँड मोडायचा किंवा नवा आवाज शोधायचा. अंत्यसंस्काराच्या वेळी बॉनच्या घरच्यांनीच त्यांना थांबू नका असं सांगितलं. मला हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण वाटतो, कारण त्याशिवाय पुढे येणाऱ्या कुणालाही ती जागा उसनी आणि अपराधी वाटली असती.

जॉन्सनचं नाव पुढे येण्यात बॉनचाही हात होता. १९७३ साली बॉनचा तेव्हाचा बँड इंग्लंडमध्ये जॉर्डीच्या आधी वाजवत होता. एका रात्री जॉन्सन स्टेजवर कोसळून जमिनीवर लोळत किंचाळत होता. बॉनला तो अभिनयाचा कळस वाटला, आणि असा गायक आपण पाहिला नाही, असं त्याने नंतर यंग बंधूंना सांगितलं. प्रत्यक्षात जॉन्सनला अपेंडिक्सच्या कळा येत होत्या.

मार्च १९८०मध्ये लंडनच्या पिमलिको भागात ऑडिशन ठरली. जॉन्सनला फार आशा नव्हती. त्याच दिवशी लंडनमध्ये व्हॅक्यूम क्लीनरच्या एका जाहिरातीचं गाणं गायचं होतं, त्यामुळे खेप वाया जाणार नव्हती. स्टुडिओत पोहोचल्यावर तो खालीच थांबला आणि सामान वाहणाऱ्या पोरांबरोबर पूल हा बिलियर्ड्ससारखा खेळ खेळत बसला. वर बँड वाट पाहत होता. हा आलाच नाही असं त्यांना वाटत होतं. शेवटी वर गेला तेव्हा माल्कमने त्याच्या हातात न्यूकॅसलच्या बिअरची बाटली ठेवली. इतक्या लांबून आलेल्या माणसाच्या गावची बाटली आणून ठेवायची, एवढा विचार माल्कमने केला होता. जॉन्सनने आधी टीना टर्नरचं एक गाणं घेतलं आणि मग बॉनचं एक. एप्रिलच्या सुरुवातीला नाव जाहीर झालं. बॉनच्या मृत्यूला दीड महिनाही पुरता झाला नव्हता.

नासाऊचे आठवडे

एप्रिल-मेमध्ये बहामाच्या नासाऊ इथल्या कंपास पॉइंट स्टुडिओत 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. निर्माता रॉबर्ट जॉन 'मट' लँग. तो एकेक ओळ पुन्हा पुन्हा गाऊन घेणारा माणूस होता. संगीताचे साचे यंग बंधूंकडे बरेचसे तयार होते, शब्द मात्र जॉन्सनला लिहायचे होते. आठवड्यांपूर्वीपर्यंत गाड्यांचे टप चिकटवणारा माणूस आता परक्या बेटावर, एका मृत मित्राच्या जागी, कोऱ्या कागदासमोर बसला होता. पहिल्या गाण्याचे शब्द जमत नव्हते. तेवढ्यात बेटावर वादळ आलं, गडगडाट आणि पाऊस सुरू झाला. समोर दिसतंय तेच लिही, अशा सूचनेवर त्याने सुरुवात केली. त्या गाण्याचे शब्द आजही वादळापासूनच सुरू होतात.

त्या गाण्याच्या आधी घंटा वाजते, आणि मला त्या घंटेपाशी जरा थांबायचं आहे. ती इंग्लंडमधल्या लफबरोच्या ओतशाळेत बँडसाठी मुद्दाम ओतवली होती. वजन सुमारे ९०० किलो. आधी गावातल्याच मनोऱ्यातल्या एका घंटेचा आवाज घ्यायचा प्रयत्न झाला. पण टोला पडला की आत बसलेले पक्षी फडफडत उडायचे आणि तो फडफडाट टेपवर यायचा. मग ओतशाळेतच फिरता स्टुडिओ नेऊन नवी घंटा मुद्रित केली. अल्बमची सुरुवात अशी आहे: चार टोले, दुसरं काहीही नाही. मग गिटार. ढोल आणि बेस त्यानंतर. गायकाचा आवाज येतो तो या सगळ्याच्या शेवटी. नव्या गायकाला आल्या आल्या पुढे ढकललेलं नाही. आधी बॉनसाठी घंटा झाली, मग बँड आपल्या पायावर उभा राहिला, आणि त्यानंतर हा आवाज आला. मुखपृष्ठही नुसतं काळं होतं. मांडणीची इतकी समज असलेला शोक रॉकमध्ये मी क्वचितच ऐकला आहे.

जॉन्सनने बॉनची नक्कल केली नाही, हेही तितकंच मोलाचं. बॉन गाता गाता डोळा मारायचा. त्याच्या आवाजात खोडकर गप्पिष्टपणा होता. जॉन्सनचा आवाज वरच्या पट्टीत ताणलेला, खरखरीत, तारेसारखा. अशा आवाजातली खरखर मुख्य स्वरपडद्यांच्या वरच्या उपपडद्यांतून काढावी लागते. नुसता घसा खरवडून गायलं तर आवाज काही कार्यक्रमांतच बसतो. जॉन्सनने ही तऱ्हा पुढे दशकं टिकवली, यावरून त्यामागे किती रियाज असेल याची कल्पना यावी.

अल्बम २५ जुलै १९८० रोजी आला. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत चौथ्या. २०१९ साली एकट्या अमेरिकेत त्याला अडीच कोटी प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं. जगभरातला अंदाज पाच कोटींच्या आसपास सांगितला जातो.

लेखणी काढून घेतली

पुढच्या वर्षीचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. मग ऐंशीच्या दशकात उतार आला, नव्वदच्या आसपास पुन्हा चढ. हा सगळा पल्ला मी भराभर ओलांडतो, कारण प्रकरणाच्या दृष्टीने त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे. १९८८पर्यंतच्या अल्बमांवर गीतलेखनात जॉन्सनचं नाव यंग बंधूंबरोबर येतं. १९९०च्या अल्बमपासून ते येत नाही. तिथून पुढे शब्दही माल्कम आणि अँगसनेच लिहिले.

बँडच्या हिशेबात ही बाब लहान नसते. गाणं लिहिणाऱ्याला ते वाजेल तिथे लेखक म्हणून मानधन मिळतं. नुसतं गाणाऱ्याला त्या वाट्यातलं काही मिळत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे निर्णय कोण घेतं. १९९०नंतर जॉन्सन जगातल्या सर्वांत ओळखीच्या आवाजांपैकी एक होता, पण तो ज्या गाण्यांना आवाज देत होता ती त्याची नव्हती. बँड यंग घराण्याचा होता. २०१४ साली माल्कम स्मृतिभ्रंशामुळे बाहेर पडला तेव्हा त्याची जागा पुतण्या स्टीव्ही यंगने घेतली, यातही ते दिसतं. जॉन्सनने याबद्दल कधी जाहीर आदळआपट केली नाही. हा त्याचा स्वभाव होता की त्याला आपलं स्थान पक्कं ठाऊक होतं, हे बाहेरून ठरवता येत नाही. मला वाटतं दोन्ही.

कान

२०१५च्या दौऱ्यात गोष्टी बिघडू लागल्या. उत्तर अमेरिकेतल्या थंडी-पावसातल्या उघड्यावरच्या कार्यक्रमांनंतर त्याची प्रकृती बिघडली, त्यात विमानप्रवास झाला आणि कानात साचलेलं द्रव उतरेना. पण मूळ दुखापत जुनी होती, आणि तो स्वतः तिचा दोष संगीतापेक्षा मोटारशर्यतींना देतो. जुन्या गाड्यांच्या शर्यतींचं त्याला वेड. एकदा न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनच्या शर्यतीत तो हेल्मेट घालून, पट्टे आवळून गाडीत बसला आणि कानातली बुचं घालायची राहिली. कानाचा पडदा फाटला.

मला त्याचं म्हणणं अर्धंच पटतं. पडदा शर्यतीने फाटला असेल, पण चाळीस वर्षांच्या स्टेजचा हिशेबही कुठेतरी लागणारच. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही कामगारांसाठी सुचवलेली सुरक्षित मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबल वाढले की ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. रॉक बँडच्या स्टेजवर १०० ही सुरुवात असते. आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या वळणदार पोकळीत, सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या कंपनाचं मज्जातंतूंच्या भाषेत रूपांतर त्या करतात. त्या मेल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत. सहसा आधी जातात त्या वरच्या कंपनसंख्या पकडणाऱ्या.

गायकासाठी याचा अर्थ नेमका काय, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ऐकू कमी येणं म्हणजे आवाज लहान होणं, असा आपला समज असतो. पण वरच्या कंपनसंख्या गेल्या की शब्दांच्या कडा जातात, तारेवर पडणाऱ्या पिकची (तार छेडायच्या चकतीची) टोकदार चाहूल जाते, आणि दोन डिस्टॉर्शन चढवलेल्या, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका केलेल्या, गिटारींचा नुसता घरघराट उरतो. त्या घरघराटात पट्टी कुठे आहे हे सापडत नाही. दुसरा त्रास असा की स्वतःचा आवाज नीट ऐकू आला नाही की माणूस नकळत जोर लावतो. गोंगाटाच्या ठिकाणी आपण सगळेच ओरडून बोलतो तो हाच प्रकार. म्हणजे कान गेले की सूर जातो, आणि सूर शोधण्याच्या धडपडीत गळाही जाऊ लागतो. जॉन्सनने १९ एप्रिल २०१६च्या निवेदनात जवळजवळ हेच सांगितलं: स्टेजवर गिटार ऐकू येणं अवघड झालं होतं, आणि त्यामुळे आपलं गाणं उतरेल याची भीती वाटत होती. ३६ वर्षं गायलेली गाणी गळ्याच्या सवयीने निभावता येतात. पण सवयीवर गाणारा माणूस आपण चुकतोय हे स्वतःला सांगू शकत नाही. लोकांना ते कळायच्या आत थांबलेलं बरं, असं त्याने मानलं. आपण निवृत्त होत नाही, हेही त्याने त्याच वेळी स्पष्ट केलं. स्टुडिओत गायला डॉक्टरांची हरकत नव्हती.

परका माणूस, आपली खुर्ची

त्याच्या निवेदनाच्या तीनच दिवस आधी, १६ एप्रिलला, बँडने नवा गायक जाहीर केला होता: गन्स अँड रोझेस या बँडचा ॲक्सल रोझ. ७ मे रोजी लिस्बनला पहिला कार्यक्रम झाला. पाय मोडलेला असल्यामुळे रोझने तो एका सिंहासनवजा खुर्चीत बसून गायला. युरोपात ज्यांना जॉन्सनशिवाय कार्यक्रम नको होता त्यांना तिकिटाचे पैसे परत घेण्याची मुभा होती, आणि अनेकांनी ते घेतले. रोझने काम चोख केलं. बॉनच्या काळातली, वर्षानुवर्षं न वाजलेली काही गाणी त्याने पुन्हा स्टेजवर आणली.

बँडने पुढे जाणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. विकलेली तिकिटं होती, दौऱ्यावर पोट असलेली पुष्कळ माणसं होती, आणि १९८० साली बँड थांबला असता तर जॉन्सनला जागाच मिळाली नसती. खटकते ती रीत. त्याच्या ३६ वर्षांची बोळवण योगदानाबद्दल आभार आणि पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा अशा कार्यालयीन वाक्यांत झाली. बॉनला या बँडने घंटा वाजवून, अख्खा काळा अल्बम काढून निरोप दिला होता. जिवंत माणसाला त्यातलं थोडंतरी मिळायला हवं होतं.

जॉन्सन रोझबद्दल एकही वाईट शब्द बोलला नाही. पण ते कार्यक्रम आपल्याला बघवले नाहीत, असं त्याने नंतर लिहिलं. आपल्याच घरात, आपल्या आवडत्या खुर्चीत परका माणूस बसलेला दिसावा, तसं ते वाटलं. हे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. १९८० साली तो स्वतः एका खुर्चीत जाऊन बसला होता. तिच्यात आधी बसणारा माणूस पाहायला उरला नव्हता, एवढाच फरक.

कारच्या बॅटरीएवढं यंत्र

मार्चची बातमी वाचून स्टीफन अँब्रोझ नावाच्या माणसाने जॉन्सनशी संपर्क साधला. स्टेजवर स्वतःचं गाणं आणि वाद्यं ऐकू यावीत म्हणून गायक कानात घालतात त्या इन-इअर मॉनिटरच्या जनकांपैकी हा एक. त्याचं म्हणणं असं: कान पूर्ण बंद करून आत आवाज सोडला की पोकळीत हवेचा दाब वाढतो. मग कान बचावासाठी आतला लहानसा स्नायू आवळून घेतो, आवाज दबका वाटतो, आणि माणूस तो आणखी वाढवतो. हा दाब मोकळा करता आला आणि आवाज दुसऱ्या वाटेने पोहोचवता आला, तर उरलेल्या श्रवणशक्तीवरही काम भागेल.

तो फ्लोरिडात जॉन्सनच्या घरी गेला. बरोबर आणलेलं यंत्र कारच्या बॅटरीसारखं दिसत होतं. हे घालून स्टेजवर कसं जायचं, हा जॉन्सनचा रास्त प्रश्न. ते लहान करू, हे अँब्रोझचं उत्तर. त्याला सुमारे अडीच वर्षं लागली. अँब्रोझ महिन्यातून एकदा येई. जॉन्सन वायरी लावून संगणकाच्या पडद्यांसमोर बसे, आवाज ऐके, काय ऐकू येतंय ते सांगे, आणि पुन्हा तेच. फार कंटाळवाणं होतं, पण सार्थकी लागलं, असं तो म्हणतो. शेवटी जे तयार झालं ते आवाज ग्रहण करायला कवटीच्या हाडांचाच उपयोग करतं.

हा कंटाळा मला त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा पराक्रम वाटतो. सत्तरीतला, नावलौकिक मिळवलेला, पैशाची ददात नसलेला माणूस. त्याला परत बोलावण्याचं वचन कुणी दिलं नव्हतं, आणि जागेवर दुसरा बसूनही गेला होता. तरी तो दर महिन्याला वायरी लावून बसत राहिला.

दरम्यान नोव्हेंबर २०१७मध्ये माल्कम गेला. त्यानंतर अँगसने जुन्या टेपांमधून दोघांनी रचलेल्या धुना काढल्या, आणि २०१८ साली व्हँकुव्हरच्या स्टुडिओत जॉन्सन पुन्हा माइकसमोर उभा राहिला. तो अल्बम १३ नोव्हेंबर २०२०ला आला आणि अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया तिन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. गाण्यांवर नावं माल्कम आणि अँगस यांचीच. जॉन्सनचं काम पूर्वीसारखंच, त्यांना आवाज देण्याचं. नव्या यंत्रासह पूर्ण आवाजावरची तालीम २०२०च्या सुरुवातीलाच झाली होती, पण कोविडच्या साथीने दौरे बंद पाडले. सप्टेंबर २०२२मध्ये लंडनच्या वेम्ब्लीत, फू फायटर्स या बँडचा ड्रमवादक टेलर हॉकिन्स याच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात, त्याने दुसऱ्या वादकांबरोबर गाऊन पाहिलं.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी कॅलिफोर्नियातल्या इंडिओच्या मैदानावर एसी/डीसी सात वर्षांनी स्टेजवर आला. जॉन्सनला ७६ पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते. तीच चपटी टोपी. दोन तासांचा कार्यक्रम सुरू झाला तो १९७९ सालच्या, बॉनच्या शब्दांच्या आणि बॉनच्या आवाजासाठी बांधलेल्या गाण्याने. ते संपलं आणि बँडने लगेच 'बॅक इन ब्लॅक' घेतलं.